स्लिम, थिन की स्किनी? अंगकाठीसाठी नेमका इंग्रजी शब्द निवडताना

माझ्या एका परदेशी सहकारिणीने सहा-सात महिने नेमाने पळून वजन उतरवलं होतं. बऱ्याच दिवसांनी व्हिडिओ कॉलवर ती दिसली आणि मी मनापासून म्हणाले, "यू लुक सो स्किनी!" ती क्षणभर गप्प झाली. मग तिने विचारलं, "मी आजारी दिसतेय का?"

मला म्हणायचं होतं, 'किती छान बारीक झालीस'. तिला ऐकू आलं, 'किती हडकलीस गं'. आमच्यातला गैरसमज लगेच मिटला, पण तो शब्द माझ्या मनातून गेला नाही. तेव्हापासून अंगकाठीचं वर्णन करणारे इंग्रजी शब्द कुठे, कुणाबद्दल, कोणत्या सुरात वापरले जातात याकडे मी लक्ष देऊन पाहू लागले. जे हाती लागलं ते इथे सांगते आहे.

इंग्रजी-मराठी शब्दकोशात थिन, स्लिम, स्लेंडर, स्किनी, लीन हे शब्द काढून पाहा. पाचही ठिकाणी थोड्याफार फरकाने तेच अर्थ सापडतात: बारीक, सडपातळ, कृश. समोर काय दिसतंय ते शब्दकोश सांगतो. पाहणाऱ्याला ते कसं वाटतंय, हे त्या दोन-तीन शब्दांच्या जागेत मावत नाही. आणि अंगकाठीच्या शब्दांत सगळा फरक तिथेच असतो.

मराठीत आपण असं कधी चुकत नाही. कौतुक करायचं असेल तर सडपातळ, शेलाटी, शिडशिडीत हे शब्द आपसूक तोंडी येतात. काळजी वाटली तर आपण म्हणतो, रोडावली, वाळली, खंगली. टोचायचं असेल तर लुकडी, काडी, किंवा सरळ पाप्याचं पितर. वजनकाट्यावर या सगळ्यांचा आकडा एकच असू शकेल, पण आजारातून उठलेल्या मावशीला 'शिडशिडीत दिसतेस' असं कुणी म्हणणार नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचा कानही असाच तयार झालेला असतो. म्हणून माझं सांगणं असं की इंग्रजी शब्द शिकताना त्याचा नुसता अर्थ पाठ करू नये, त्याचा मराठी जोडीदार शोधावा. तो सापडला की निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यात मराठी कानच आपल्याला फसवतो. त्या जागांकडे नंतर येते.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात हा प्रकार क्रियापद चालवून दाखवावं तसा मांडला होता: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो अडेलतट्टू मूर्ख आहे. गुण एकच, पण माणूस आपल्यापासून जितका दूर तितका शब्द कडवट. अंगकाठीचे शब्दही असेच चालतात. मी स्लिम, तू थिन, ती स्किनी. कुठला शब्द निवडावा असा प्रश्न पडला की मी आधी हे पाहते की तो शब्द मी स्वतःसाठी वापरला असता का.

आता एकेक शब्द. 'थिन'पासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत साधा. याचं मूळ 'ताणणे' या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूत आहे. त्याच धातूपासून आपल्याकडे तंतू आला, ताण आला, गाण्यातली तानही आली. संस्कृतातलं 'तनु' हे विशेषण, म्हणजे बारीक किंवा नाजूक, हे 'थिन'चं सख्खं भावंड आहे. 'तनू' म्हणजे देह हे आपण जाणतो, पण 'तनु' म्हणजे बारीक हा अर्थ मराठीत मागे पडला. ताणून ताणून पातळ झालेलं, हे 'थिन'च्या पोटात आजही आहे. विरळ केस थिन असतात, पाणचट सूप थिन असतं, लंगडी सबबही थिन असते. सगळीकडे काहीतरी कमी पडल्याची छटा आहे. म्हणून माणसाबद्दल 'थिन' म्हटलं की शिवी होत नाही, पण स्तुतीही होत नाही. 'शी हॅज गॉट सो थिन' या वाक्यात तर बहुतेक वेळा काळजीच असते.

'स्लिम'मध्ये याच्या उलट सांगणं आहे: जादा काही नाही. कमी पडलेलं आणि जादा नसलेलं यात दिसायला अंतर थोडं, ऐकायला फार. हा शब्द सतराव्या शतकात डच भाषेतून इंग्रजीत आला. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद 'श्लिम' आजही 'वाईट' या अर्थाने वापरतात, आणि आजच्या डचमध्ये 'स्लिम' म्हणजे हुशार. इंग्रजीत मात्र तो बांध्याचा शब्द झाला आणि कौतुकाचा झाला. 'स्लिम चान्स' म्हणजे जवळपास नसलेली शक्यता, एवढ्या एका ठिकाणी त्याचा सूर कोरडा राहिला. बाकी फोन स्लिम, पुस्तक स्लिम, कंबर स्लिम, सगळं हवंहवंसं. ब्रिटिश इंग्रजीत 'स्लिम' हे क्रियापदही आहे, वजन उतरवण्यासाठी आहार सांभाळणे अशा अर्थाचं. म्हणजे स्लिम माणसाने आपला बांधा राखला आहे, अशी एक सूचना त्या शब्दात असते. सडपातळ हा त्याचा मराठी जोडीदार.

या दोघांतला फरक पटकन ओळखायची एक युक्ती आहे. शब्दाच्या आधी 'टू' लावून पाहा, म्हणजे 'फारच, नको इतका'. 'टू थिन' अगदी सहज बोललं जातं. 'टू स्किनी'ही. 'टू स्लिम' मात्र कानाला अडखळतं, कारण स्तुती जास्त झाली अशी तक्रार कुणी करत नाही. मग आधी 'नाइस अँड' लावून पाहा. 'नाइस अँड स्लिम' चालतं. 'नाइस अँड थिन' हे माणसापेक्षा कापलेल्या चकत्यांबद्दल म्हणतात. 'नाइस अँड स्किनी' सहसा ऐकूच येत नाही. नवा शब्द भेटला की या दोन चाळण्यांतून काढायचा; त्याचा सूर बराचसा कळतो.

'स्लेंडर'चं लक्ष आकाराकडे असतं. लांबट, रेखीव, डौलदार. मान स्लेंडर असते, बोटं स्लेंडर असतात, झाडाचं खोडही स्लेंडर असतं. शेलाटा हा मराठी शब्द त्याला अगदी चपखल बसतो. पण 'स्लेंडर' किंचित लेखी आहे. गप्पांमध्ये कुणी सहसा 'यू आर स्लेंडर' म्हणत नाही. कथेत, व्यक्तिचित्रात तो शोभतो. 'स्वेल्ट' हा फ्रेंचमधून आलेला शब्द आणखी एक पायरी वर. तो फॅशनच्या मासिकातला, कपड्यांसकट दिसणाऱ्या बारीकपणाचा.

आणि 'स्किनी'? स्किन म्हणजे कातडी, तिला 'वाय' जोडला. हाडांवर नुसती कातडी, मधलं मांस गायब, हे चित्र शब्द उच्चारताच उभं राहतं. लुकडा, हडकुळा हे त्याचे जोडीदार. लहान मुलाबद्दल मायेने 'स्किनी लिटल किड' म्हणतात, तेव्हा त्यात 'आमचं लुकडं पोरगं' एवढंच असतं. तरुण अमेरिकन बोलण्यात, विशेषतः फॅशनच्या जगात, तो कौतुकासारखाही येतो, आणि माझी चूक बहुधा तिथूनच आली असावी. 'स्किनी जीन्स'मुळेही गोंधळ होतो. तिथे स्किनी आहे तो कपड्याचा पायाला चिकटलेला कट. ती जीन्स घालणाऱ्या माणसाच्या अंगकाठीशी त्याचा संबंध नाही. मैत्रीत, एकमेकींच्या बोलण्यात तो खपेल. ज्याची सवय आपल्याला माहीत नाही अशा माणसाला तो म्हणू नये.

'लीन' मला या घराण्यातला सगळ्यांत उपयोगी शब्द वाटतो. वाकणे, टेकणे या अर्थाचं 'लीन' वेगळं; दोन्हींचा उच्चार आणि स्पेलिंग जुळलं एवढंच, मुळं निराळी. 'लीन मीट' म्हणजे चरबी नसलेलं मांस, आणि माणसाबद्दलही तोच अर्थ: आहे ते सगळं कामाचं, चरबी नाही. धावपटू लीन असतो, नर्तकी लीन असते. थिन माणसाला अशक्त म्हणता येतं, लीन माणसाला नाही. ताकदीची हमी त्या शब्दातच आहे.

ताकद आणखी ठळक करायची असेल तर 'वायरी'. वायर म्हणजे तार. अंगात फार काही दिसत नाही, पण वाकवायला जावं तर वाकत नाही. काटक! मराठी आणि इंग्रजी शब्द इतके तंतोतंत जुळण्याचे प्रसंग थोडे, त्यांतला हा एक. डोंगर सहज चढून जाणारा वयस्क माणूस, बुटकासा पण चिवट मल्ल, यांच्यासाठी 'थिन' लिहिणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे.

उंची आत आली की शब्द बदलतात. उंच, बारीक आणि हातापायांचा मेळ अजून न बसलेला, म्हणजे 'लँकी'. आपल्या लंबूटांगच्या अगदी जवळचा. सतरा-अठराच्या वयात एकदम उंची काढलेल्या मुलांसाठी तो असतो. अवघडलेपणा आणखी दाखवायचा असेल तर 'गँगली'. त्याच मुलाला स्लेंडर म्हटलं तर अवघडलेपण जाऊन डौल येतो, मुलगा तोच असला तरी.

याच्या पलीकडे जे शब्द आहेत ते जपून वापरायचे. 'स्क्रॉनी' म्हणजे मरतुकडा. त्यात तुच्छता आहे. 'गॉन्ट' बहुधा चेहऱ्यासाठी असतो: गाल आत गेलेले, डोळे खोल, दुःखाने किंवा दुखण्याने ओढलेला चेहरा. 'इमेशिएटेड' हा डॉक्टरांचा आणि दुष्काळाच्या बातम्यांचा शब्द आहे. उपासमारीने किंवा दीर्घ आजाराने अस्थिपंजर झालेला. बारीक मैत्रिणीबद्दल अतिशयोक्ती म्हणून तो वापरला तर ऐकणाऱ्याला तिला असाध्य काही झालं आहे असंच वाटेल.

'पेटीट'बद्दल थोडं सविस्तर, कारण या शब्दात जितकी गल्लत होते तितकी दुसऱ्या कुठल्या शब्दात मी पाहिलेली नाही. पुष्कळांना वाटतं पेटीट म्हणजे बारीक आणि नाजूक. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लहान, आणि तो स्त्रीलिंगी आहे. इंग्रजीत त्याचा कणा उंची आहे. कपड्यांच्या व्यवसायात साधारण ५ फूट ४ इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या स्त्रियांसाठी शिवलेल्या मापांना पेटीट म्हणतात. बाही, पाय, खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंतर हे सगळं त्या उंचीला बेतलेलं. त्यात अंगाने भरलेल्या स्त्रियांची मापंही असतात. माणसाचं वर्णन करताना पेटीट म्हणजे लहान चणीची, आणि त्या लहानपणात प्रमाणबद्धता. उंच स्त्री कितीही बारीक असली तरी पेटीट होत नाही. पुरुषाला तर हा शब्द लावतच नाहीत. लहान चणीच्या पुरुषासाठी 'स्लाइट', 'ऑफ स्लाइट बिल्ड' किंवा 'स्मॉल-फ्रेम्ड' म्हणावं. इथे 'फ्रेम' म्हणजे हाडांचा सांगाडा. आपण चण म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. इथे शब्द जास्त आहेत आणि जखमाही जास्त होतात.

'चबी' हा शब्द एका माशावरून आला असं मानतात. चब नावाचा गोड्या पाण्यातला आखूड, जाडसर मासा इंग्लंडच्या नद्यांत असतो. आज त्या शब्दात मासा कुणाला आठवत नाही. गुबगुबीत गालांचं बाळ आठवतं. मुलांसाठी तो गोड आहे. मोठ्या माणसाला जिव्हाळ्याने म्हटला तरी तो स्वीकारणं न स्वीकारणं त्या माणसावर. 'प्लंप' म्हणजे भरलेला, गोलसर. पूर्वी तो चांगल्या प्रकृतीचा शब्द होता, आता तो बहुतेक 'फॅट' म्हणायचं टाळण्यासाठी वापरतात, आणि ऐकणाऱ्याला ते टाळणं कळतं. उशी, द्राक्षं, बाळाचे हात प्लंप म्हणायला हरकत नाही.

'स्टाउट'चा प्रवास मला फार आवडतो. जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता शूर, अभिमानी. मग तो मजबूत झाला, मग जाडजूड. शौर्याचा अर्थ अजून पूर्ण गेलेला नाही. 'स्टाउट-हार्टेड' म्हणजे धीट काळजाचा, आणि 'स्टाउट डिफेन्स' म्हणजे चिवट बचाव. त्यामुळे स्टाउट माणूस जाड असतो पण ढिला नसतो. आज हा शब्द जुन्या कादंबऱ्यांचा वास घेऊन येतो, नेहमीच्या बोलण्यात तो कमीच. 'पोर्टली'ही त्याच्यासारखा जुना. पोर्ट म्हणजे चालण्या-वागण्यातला रुबाब, आणि पोर्टली म्हणजे पोट सुटलेला पण भारदस्त पुरुष, बहुधा उतारवयाचा. स्त्रीला किंवा तरुणाला तो बसत नाही.

'बक्सम'ने तर घरच बदललं. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ होता आज्ञाधारक, लवचीक, म्हणजे अक्षरशः वाकणारा. तिथून आनंदी आणि ठणठणीत, तिथून अंगाने भरलेली, आणि आता भरदार वक्ष:स्थळाची स्त्री, एवढाच अर्थ उरला. 'कर्व्ही' आणि 'व्होलप्शुअस'ही याच बाजूचे. 'व्होलप्शुअस'च्या मुळाशी सुखाचा, भोगाचा लॅटिन शब्द आहे, म्हणजे त्यात शरीरापेक्षा पाहणाऱ्याची इच्छा अधिक बोलते. या तिन्ही शब्दांनी ओळखीच्या बाईचं वर्णन तिच्यासमोर किंवा कामाच्या ठिकाणी करू नये. कर्व्ही हा शब्द अनेक स्त्रिया स्वतःबद्दल अभिमानाने वापरतात, तो त्यांचा अधिकार.

जाडीपेक्षा बळकटपणा सांगायचा असेल तर 'स्टॉकी', 'बर्ली', 'स्टर्डी' यांच्याकडे जावं. स्टॉक म्हणजे झाडाचा बुंधा. स्टॉकी माणूस बुंध्यासारखाच: उंची कमी, रुंदी चांगली, जमिनीत पाय रोवलेले. उंच माणूस स्टॉकी नसतो, तिथे बर्ली लागतो: धिप्पाड, आडदांड. बर्लीही मुळात उमदा, देखणा अशा अर्थाचा होता. स्टर्डी म्हणजे दणकट, हाडापेराने मजबूत, आणि तो स्त्री-पुरुष-मूल-टेबल सगळ्यांना चालतो. 'ब्रॉनी' आणि 'मस्क्युलर' हे स्नायूंचे.

'मस्क्युलर' आला की मला थांबावंच लागतं. लॅटिनमध्ये 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली जे सरकतं ते रोमन लोकांना उंदरासारखं दिसलं, आणि मसल हा शब्द त्यातून आला. आपला मूषकही मुळात त्याच उंदराच्या कुळातला. पण आपल्या पूर्वजांना दंडात उंदीर दिसला नाही, बेडूक दिसला. दंडाची बेडकुळी! दोन भाषा, तोच दंड, आणि दोघींना कातडीखाली एक लहानसा प्राणीच दिसावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता 'फॅट', 'ओव्हरवेट' आणि 'ओबीस'. हे तीन एकाच ओळीत मांडले जातात, पण ते तीन वेगळ्या जागांहून बोलतात.

'ओव्हरवेट' आणि 'ओबीस' हे आज आकड्यांचे शब्द आहेत. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र बेल्जियमचे अडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलं. ते माणसांच्या मोठ्या समूहाची सरासरी पाहत होते, एकेका रुग्णाची जाडी नव्हे. १९७२ मध्ये अमेरिकन संशोधक अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांसाठीच्या सर्वसाधारण मापात १८.५ च्या खाली अंडरवेट, २५ पासून ओव्हरवेट, ३० पासून ओबीस. आशियाई लोकसंख्येसाठी याहून खालच्या आकड्यांना सावध व्हावं असंही सुचवलेलं आहे. सूत्राला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही. त्यामुळे पिळदार शरीराचा खेळाडू आकड्याने ओव्हरवेट ठरू शकतो. म्हणून नुसतं पाहून कुणाला 'ही इज ओबीस' म्हणणं हे वर्णन राहत नाही, निदान होतं, आणि तेही न तपासता केलेलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये ओबेसिटीला आजार म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून वैद्यकीय लिखाणात 'ओबीस पर्सन'ऐवजी 'पर्सन विथ ओबेसिटी' असं लिहिण्याचा आग्रह वाढला आहे: माणूस आधी, आजार नंतर. मला ही रचना योग्य वाटते. मराठीतही 'लठ्ठ रुग्ण' आणि 'लठ्ठपणा असलेला रुग्ण' यांत फरक जाणवतोच.

ओबीसच्या मुळाशी लॅटिनचं 'खाणे' हे क्रियापद आहे. खाऊन खाऊन फुगलेला, असा मूळ अर्थ. त्याच धातूची एक फांदी इंग्रजीत 'ईट' झाली आणि दुसरी संस्कृतात 'अद्', ज्यातून आपला 'अन्न' शब्द आला. म्हणजे वैद्यकीय आणि तटस्थ वाटणाऱ्या या शब्दातही, फार खोल, एक आरोप दडलेला आहे.

'फॅट' मात्र साधा, जुना, आणि आजच्या इंग्रजीत सगळ्यांत बोचरा. शाळेत आपण 'फॅट म्हणजे जाड' असं शिकतो आणि निबंधात 'माय अंकल इज फॅट' लिहून मोकळे होतो. मराठीत 'काका जाड आहेत' हे घरात बोललं जातं. इंग्रजीत ते वाक्य फार उघडं पडतं. दुसरीकडे, ज्यांना हा शब्द आयुष्यभर मारला गेला त्यांच्यातल्या काहींनी तो उचलून स्वतःचा केला आहे. अमेरिकेत अशा लोकांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये संघटना स्थापन झाली, आणि आज तिच्या नावातच 'फॅट अक्सेप्टन्स' हे शब्द आहेत. त्यांच्या दृष्टीने फॅट हा उंच किंवा बुटका यांसारखा साधा गुणवाचक शब्द आहे; लाज आहे ती 'ओव्हरवेट'मध्ये, कारण 'ओव्हर' म्हटलं की कुणीतरी ठरवलेली मर्यादा आली. त्यांचा युक्तिवाद मला पटतो. पण तो शब्द त्यांनी स्वतःसाठी घेतला आहे, बाहेरच्याने दुसऱ्यासाठी उचलावा म्हणून नाही. बाहेरच्याने बोलणं टाळता येत नसेल तर 'लार्ज', 'बिग' किंवा 'हेवी-सेट' म्हणावं, कपड्यांबद्दल 'प्लस-साइझ'.

व्यायामशाळेतले तीन शब्दही सांगून टाकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० च्या सुमारास शरीराचे तीन साचे सांगितले: सडसडीत एक्टोमॉर्फ, पिळदार मेसोमॉर्फ, गोलसर एंडोमॉर्फ. बांध्यावरून स्वभाव ओळखता येतो असं त्यांचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही. शब्द तेवढे ट्रेनरच्या तोंडी राहिले. सर्वसाधारण लेखनात त्यांची गरज पडत नाही.

मराठी कान फसवतो त्या जागा आता. पहिली 'जाड'. मराठीत पुस्तकही जाड, माणूसही जाड. इंग्रजीत पुस्तक थिक, माणूस फॅट. माणसाला थिक म्हटलं तर ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ मठ्ठ होतो, आणि अमेरिकन बोलीभाषेत भरदार बांध्याची, तीही कामुक छटेने. म्हणजे दोन्हीकडे आपल्याला म्हणायचं ते होतच नाही.

दुसरी 'वीक'. बारीक झालेल्या माणसाला आपण 'किती वीक झालास' म्हणतो. इंग्रजीत वीक म्हणजे अशक्त, ताकद नसलेला. बारीकपणा त्यात येत नाही. तिसरी तिच्या उलट, 'हेल्दी'. जरा जाड असलेल्याला नाव न ठेवता 'हेल्दी आहे' म्हणायची आपली पद्धत. 'तब्येत सुधारली'चं ते इंग्रजी रूप. परभाषिक माणूस याचा अर्थ निरोगी एवढाच घेईल. आणि चौथी 'पर्सनॅलिटी'. उंचापुरा, भरदार माणूस पाहिला की आपण म्हणतो, काय पर्सनॅलिटी आहे! इंग्रजीत पर्सनॅलिटी म्हणजे स्वभाव. दिसण्याबद्दल बोलायचं तर 'फिझीक' किंवा 'बिल्ड' म्हणावं: 'ही हॅज अ गुड फिझीक'. फिझीक सहसा कमावलेल्या शरीरासाठी, बिल्ड कुणासाठीही, फिगर बहुतेक स्त्रियांसाठी.

'बिल्ड' हा शब्द मी मनापासून सुचवेन. पोलिसांच्या वर्णनात, हरवलेल्या माणसाच्या सूचनेत, साक्षीदाराच्या जबाबात इंग्रजीत हाच वापरतात: स्लिम बिल्ड, मीडियम बिल्ड, हेवी बिल्ड. स्तुती नाही, टोमणा नाही, अंगकाठी तेवढी सांगितली. फॉर्म भरताना, अहवाल लिहिताना याच्यापलीकडे जायचं कारण पडत नाही. 'वेल-बिल्ट' मात्र पुरुषाला स्तुती म्हणून चालतो, स्त्रीबद्दल त्याचा सूर घसरतो.

आणि समोरासमोर? कुणाचं वजन उतरलेलं दिसलं तर आता मी 'यू लुक वेल' किंवा 'यू लुक ग्रेट' एवढंच म्हणते. वजन कमी होण्यामागे धावणं असू शकतं, दुखणं असू शकतं, दुःख असू शकतं. आपल्याला ठाऊक नसतं. सांगायचं असेल तर ती व्यक्तीच सांगते, आणि मग तिने वापरलेलाच शब्द आपण वापरावा.

लिहिताना मात्र असं निसटता येत नाही. परवाच एका मराठी कथेतली ओळ इंग्रजीत आणताना अडले होते: चणीने लहान, पण हाडापेराने घट्ट म्हातारी. आधी 'पेटीट' लिहिलं. लगेच तिच्या अंगावर बेतून शिवलेला ड्रेस आला, आणि ही बाई तर डोक्यावरून लाकडं वाहणारी. 'थिन' लिहिलं, तर तिच्यात काहीतरी कमी पडलं. 'स्किनी'ने तिची कीव केली. 'स्टर्डी' बरा वाटला, पण त्याने तिला रुंद केलं. दोन दिवसांनी 'अ स्मॉल, वायरी ओल्ड वुमन' असं लिहून पाहिलं आणि ती उभी राहिली. मूळ ओळीतला 'पण' मी इंग्रजीत शोधत होते, तो वेगळा लिहावाच लागला नाही. तारेत तो आधीपासून होता.